गडग्याखालचे पाहुणे

धरोट, रोहडू
१२ जानेवारी १९८७

तीर्थस्वरूप बापूजींच्या चरणी बिंद्राचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल हाती पडलं. पायाला वजनं बांधून टांगून ठेवलंय हे ऐकून अम्मांनी आधी डोळे पुसले. मग म्हणाल्या की इतक्या वर्षांत या माणसाला एका जागी बसवणं मला जमलं नाही, ते सिमल्याच्या डॉक्टरांनी करून दाखवलं. त्यांचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा काळजी नसावी. यांचंही पत्र आलं. तिकडे फौजेच्या चौकीवर बर्फ आपल्याहून जास्त आहे म्हणतात.

इकडे गुडघाभर पडलाय. गाय दूध देते, गवत पुरेल. छाटणीचं काम मार्गी लागलंय. एका गोष्टीसाठी मात्र तुमची परवानगी हवी आहे.

वरच्या कोपऱ्यातला, झऱ्याकडचा दगडी गडगा बर्फाच्या भाराने ढासळला. तुमची नवी कलमं त्याच्या आतच आहेत, म्हणून ऊन पडताच मी पहार घेऊन गडगा पुन्हा रचायला गेले. पहिलाच चपटा दगड उलटला तर त्याच्या पोटाशी लालभडक काहीतरी चिकटलेलं. वाटलं, राजमा कुणी सांडला. वाकून पाहिलं तर ढालकिडे. डाळिंबाच्या दाण्यांसारखे एकाला एक लागून बसलेले, एकही हलत नव्हता. मेलेलाच समजून एक तळहातावर घेतला. तोंडाची वाफ लागली तसा त्याने एक पाय लांब केला, मग दुसरा. दुसऱ्या दगडाखाली तेच, तिसऱ्याखाली तेच. सगळा ढिगारा भरलाय. मी दगड होते तसे ठेवून परत आले.

माझ्या माहेरी मोहरीवर मावा पडला की हेच किडे तो खाताना मी पाहिलेत. गेल्या वैशाखात आपल्या झाडांची कोवळी पानं माव्याने गोळा झाली आणि तुमचा अर्धा उन्हाळा पंप पाठीवर घेऊन गेला. आता गडगा रचायचा तर दगड न् दगड हलवावा लागेल, आणि या थंडीत उघड्यावर आले तर यातला एकही वाचणार नाही. म्हणून वाटतं, ऊब येईपर्यंत ती जागा तशीच ठेवावी आणि काशमळीच्या काट्यांनी वाट बुजवावी. तुम्ही काय म्हणाल ते करीन.

उत्तरात राग असला तरी त्याच्या तळाशी लोभ असेल, असं धरून चालते.

आपली सून
बिंद्रा


सिमला
२० जानेवारी १९८७

चि. सौ. बिंद्रा हिला लायकरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पहिलं मनात आलं की पोरीच्या डोक्यात थंडी शिरली. गडगा पडला तर उभा करायचा, त्यात विचारायचं काय? उभा जन्म त्या बागेत गेला माझा. सालीखाली, दगडाखाली, सरपणाच्या राशीत, जिथे हात घालावा तिथे हिवाळ्यात काही ना काही दडलेलं असतंच. प्रत्येकाची झोप मोडेल म्हणून हात आखडले असते तर आज बाग दिसली नसती.

आणि ती कलमं साधी नाहीत, हे तुला माहीत आहे. माझ्या बापाने लावलेलं पहिलं झाड वाळायला लागलं तेव्हा त्याच्या शेवटच्या हिरव्या काड्या काढून मी ती बांधली. ते झाड आता चुलीत गेलं. ही कलमं गेली तर दुसरी आणायला जागा नाही.

तरी एक गोष्ट नीट बघ. ढालकिड्यांत एक जात मावा खात नाही, बटाट्याची पानं खाऊन त्यांची चाळण करते. तो किडा मळकट, अंगावर बारीक लव आणि ठिपक्यांची गर्दी. मावा खाणारा चकचकीत असतो, ठिपके मोजके. अम्माचा चष्मा लाव आणि बघ. मळकट निघाले तर रॉकेलचा डबा घेऊन जा, माझ्या उत्तराला थांबू नकोस. चकचकीत निघाले तर काटे लाव, पण दाट लाव. जनावर आत शिरलं तर मी काही ऐकून घेणार नाही.

छाटणी मार्गी लागली लिहिलंस, कोण करतंय ते नाही लिहिलंस. मी नसताना आपल्या झाडांना करवत लावणारा गावात कोण निपजला? आणि ती शिडी कुणाला चढू देऊ नकोस. मी पडलो तेवढं या घराला पुष्कळ झालं.

तुझ्या सासूला सांग, मी बसलेलो नाही, निजलेलो आहे. दोन्हींत फरक आहे.

पोटभर जेव, ओले मोजे घालून हिंडू नकोस.

लायकराम


धरोट
२ फेब्रुवारी १९८७

तीर्थस्वरूप बापूजींना बिंद्राचा नमस्कार, वि. वि.

चकचकीत आहेत. पाठीवर सात ठिपके. अम्मांना माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेना म्हणून एक किडा चहाच्या ग्लासात घालून घरी आणला. खोली उबवणाऱ्या तंदूरजवळ ठेवल्यावर तो जागा झाला, ग्लासाच्या काठावरून अम्मांच्या हातावर आणि हातावरून त्यांच्या धाटूवर चढला. अम्मा डोक्याचा रुमाल सोडून ओरडतील असं वाटलं, पण त्या मान ताठ धरून बसल्या आणि म्हणाल्या, बघू दे त्याला, म्हातारी कशी दिसते ते. मग मीच त्याला परत दगडाखाली सोडून आले.

काटे लावले. काशमळीच्या फांद्या ओढून ओढून दोन्ही हात असे ओरबाडले गेलेत की पीठ मळताना झोंबतं. शेजारच्या बागेचे केवलचाचा वाटेवरून बघत होते. म्हणाले, लायकरामच्या सुनेने किड्यांची धर्मशाळा काढली वाटतं, भाडं काय घेतेस? मी म्हटलं, भाडं वैशाखात मिळेल. म्हणाले की दोन माणसं पाठवतो, दुपारपर्यंत गडगा उभा करून देतील, बाईमाणसाने उगाच हट्ट करू नये. मी चहा पाजला आणि नको म्हटलं. ते चहा पिऊन गेले, पण वाटेत भेटेल त्याला धर्मशाळेची गोष्ट सांगत गेले. आता नळावर बायका मला विचारतात, पाहुणे उठले का?

छाटणी अर्ध्याच्या वर झाली. करवत ज्याच्या हातात आहे तो तुमच्याच हाताखाली तयार झालेला माणूस आहे, तेव्हा निर्धास्त असावं. फांदीवरचा फुटीचा डोळा कुठे ठेवायचा, फांदीच्या गळ्याशी कसं कापायचं, खुंट का ठेवायचा नाही, सगळं त्याला ठाऊक आहे. झाडाच्या पोटात ऊन गेलं पाहिजे, हे तुमचं वाक्य तो झोपेतसुद्धा बोलतो, असं अम्मा म्हणतात. नाव पुढच्या पत्रात कळवीन.

काल वाफवलेले सिड्डू केले होते, तुमच्या वाटणीचं तूप अम्मांनी स्वतःच्या पानात वाढून घेतलं.

लोभ आहे, तो दुरूनही पोचतो.

बिंद्रा


सिमला
१३ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. बिंद्रास आशीर्वाद.

नाव कळवायची तसदी घेऊ नकोस. कळलं. केवलराम डोळे दाखवायला सिमल्याला आला होता, मला भेटून गेला. संत्री घेऊन आला आणि खाटेशी बसून सगळं सांगितलं. लायकरामची सून धाटू बांधून, लोकरी कोट घालून शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी असते आणि अर्धं गाव खाली उभं राहून बघतं, असं म्हणाला. मी इतक्या मोठ्याने बोललो की नर्स धावत आली. शेजारच्या खाटेवरचे पटवारी म्हणाले, ठाकूर, पाय दुसरा मोडून घ्याल. कुणाला चढू देऊ नकोस म्हणून मी स्पष्ट लिहिलं होतं. ती शिडी मला घेऊन पडली, हे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस, आणि त्याच शिडीवर तू चढतेस. तुझं काही झालं तर रोशनला मी काय तोंड दाखवू?

बोलून झाल्यावर केवलराम थोडा वेळ संत्रं सोलत बसला. मग हळूच म्हणाला की काप स्वच्छ आहेत. खाली उभा राहून एकेक बघितला म्हणाला, तिरका, गुळगुळीत, पाणी थांबायचं नाही. मग खरी गोष्ट बाहेर आली. त्याचा छाटणीचा माणूस किन्नौरात अडकलाय, घाटावर बर्फ आहे, झाडं तशीच उभी आहेत. त्याला माझी परवानगी हवी होती, तुझ्याकडून आपली बाग छाटून घ्यायला.

मी म्हटलं, मला कशाला विचारतोस, करवत तिच्या हातात आहे, तिला विचार.

हे बोलताना सगळा वॉर्ड ऐकत होता. पटवारी तर उठूनच बसले.

कमरेला दोर बांधल्याशिवाय पाय वर टाकायचा नाही. दोराचं दुसरं टोक खोडाला, फांदीला नाही. हे मी रागाने लिहितोय, तसंच वाच.

लायकराम


धरोट
२८ फेब्रुवारी १९८७

तीर्थस्वरूप बापूजींच्या चरणी शि. सा. न.

आज लिहायला हात धजत नाही, पण दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगते.

केवलचाचांची बाग मी दोर बांधून छाटली. त्याच्या बदल्यात त्यांची खेचरं आपल्या झाडांच्या आळ्यांना शेणखत वाहणार असं ठरलं. बुधवारी काम संपलं तेव्हा बर्फ भुरभुरायला लागलं होतं, म्हणून खेचरं आपल्याच गोठ्याशी बांधली. त्यांतली दोन सुटली. काट्यांवर नवं बर्फ पडून ते दबले होते, तिथूनच आत शिरली. सकाळी मी गेले तेव्हा ती कलमांच्या ओळीत उभी होती. काहींची साल ओरबाडून खाल्ली आहे, तीन तर मध्येच मोडली आहेत. मोडलेला एक शेंडा बर्फात पडला होता, त्यावर फुटायला आलेले, फुगलेले डोळे होते.

अम्मा त्या झाडाच्या आठवणीने रडल्या. केवलचाचा टोपी हातात घेऊन आले. म्हणाले, खेचरं माझी, आत्ताच्या आत्ता माझ्या हाताने गडगा रचून देतो, तू खाली घरी जा. मी पहारीला हात लावला होता, बापूजी. मनात म्हटलं, गडगा तेव्हाच रचला असता तर हे झालं नसतं. मग एक दगड पुन्हा उचलून पाहिला. तसेच होते, एकमेकांना धरून, पाय आत घेऊन. कलमं गेली ती गेली, आता यांनाही मारलं तर हाती काय उरलं? मी पहार खाली ठेवली.

सालीच्या जखमांवर माती आणि शेण लिंपून कापड बांधलंय. माझी वळकटी घेऊन मी बागेतल्या दोघरीत, राखणीच्या त्या खोपटात, मुक्काम हलवलाय. अम्मांकडे केवलचाचांची बायको झोपायला येते. आणि खुद्द केवलचाचा रोज दुपारी काठी घेऊन त्या ढिगाऱ्यापाशी बसतात, म्हणजे मला गाईचं करता येतं. कुणी हसलं तर म्हणतात, धर्मशाळेचा चौकीदार झालोय, पगार वैशाखात मिळणार आहे.

तुम्ही जे बोलाल ते मला मान्य आहे. लोभ आटला तर आटला, आशीर्वाद तेवढा असावा.

बिंद्रा


सिमला
८ मार्च १९८७

चि. सौ. बिंद्रा,

पत्र वाचलं आणि उशाखाली ठेवलं. दोन दिवस ते तिथेच राहिलं. बापाचं झाड माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पटवारी विचारत राहिले, घरी सगळं ठीक ना? आज उत्तर लिहितोय.

मोडलेली कलमं उपटू नकोस. कलमाची गाठ बघ. गाठीच्या वर बोटभर जरी लाकूड उभं असेल तर तिथून फूट येईल, आणि ती माझ्या बापाच्या झाडाचीच असेल. गाठीच्या खालून फुटलं तर ते रान, ते खुडून टाक. मोडलेल्या जागी तिरका काप घे आणि मेण लाव. साल गेलेली झाडं चहूबाजूंनी सोललेली नसतील तर जगतात. मी याहून वाईट जगवली आहेत.

गडगा आता रचू नकोस. इतका भार सोसून अर्ध्यावर सोडायचं हे मला पटत नाही. शेवटपर्यंत ने.

मी रागावलोय. तरी काल पटवाऱ्यांना सगळी हकीकत सांगितली, आणि आज ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचली. मला सांगायचं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

पायाची वजनं काढली. कुबड्या घेऊन दारापर्यंत गेलो. पुढच्या आठवड्यात भाच्याच्या घरी जाईन, चढ चढता येईपर्यंत तिथेच. आशीर्वाद आहे, तो आटत नाही.

लायकराम


धरोट
१६ एप्रिल १९८७

तीर्थस्वरूप बापूजींना बिंद्राचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पाहुणे उठले.

जर्दाळू फुलले तसं ऊन तापायला लागलं होतं. त्या सकाळी केवलचाचांनी मला हाक मारली ती अशी की मी दूध तसंच टाकून पळाले. दगडांच्या फटीफटीतून ढालकिडे वर येत होते. थोड्या वेळात ढिगारा दगडांचा वाटेना, लाल घोंगडी अंथरल्यासारखा झाला. नुसते बसून होते, ऊन खात. नळावरच्या बायका हंडे ठेवून आल्या. अम्मा दोन काठ्या घेऊन चढून आल्या, माझ्या लग्नानंतर त्या पहिल्यांदाच तिथवर आल्या असतील.

मग एक उडाला. मग दहा, मग मोजता येईनात. आपल्या बागेत थोडे उतरले असतील, बाकीचे वरून निघून गेले. केवलचाचांच्या बागेवर, खालच्या आळीवर, नाल्यापलीकडच्या गावाकडे. दुपारपर्यंत दगड रिकामे. खरं सांगते, मला आधी रडूच आलं. इतकं राखलं, कलमं गमावली, आणि निघाले ते जिकडे वाट फुटेल तिकडे. अम्मा म्हणाल्या, तुझी लेकरं असल्यासारखी तोंड पाडून काय बसलीस, त्यांना काय फक्त तुझ्या अंगणात राबायला ठेवलं होतं? गावातल्या बायका मात्र मला सोडून जाईनात. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी माझ्या बोटांवरचे काट्यांचे वण बघितले. केवलचाचा सगळ्यांना सांगत होते की पहारा त्यांचा होता. तेही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच बायका आल्या आणि आम्ही मिळून गडगा रचला. त्यांतल्या तिघींनी विचारलं, पुढच्या हिवाळ्यात छाटणी शिकवशील का? मी हो म्हटलं, दोराची अट घालून.

आता मावा आलाय. केवलचाचांनी फवारणीची औषधं आणून ठेवली होती. काल त्यांच्या झाडाखाली मला नेलं, एक गोळा झालेलं पान उलगडून दाखवलं. आत मावा, आणि त्यावर दोन ढालकिडे जेवायला बसलेले. म्हणाले, औषध आत्ता मारलं तर हेही मरतील, पंधरवडा थांबून बघू. खालच्या आळीनेही पंप ठेवून दिलेत. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, पण आज तरी पानं उघडी आहेत.

मोडलेल्या कलमांपैकी दोन गाठीच्या वर फुटली. तिसरं खालून फुटलं, ते खुडलं.

लवकर या. अम्मा भांडायला माणूस नाही म्हणून माझ्याशी गोड बोलतात, ते सहन होत नाही.

बिंद्रा


धरोट
१४ मे १९८७

चि. रोशनलाल यास बापाचे अनेक आशीर्वाद.

मी घरी पोचलो. चालतो, पण काठी लागते. डॉक्टरांनी शिडी कायमची बंद केली.

आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाग बघायला लागलो. दोन दिवस लागले, कारण एकेका झाडापाशी थांबलो. तुझी बायको मागे मागे, पदराने हात पुसत. मी चुका शोधत होतो, खोटं कशाला बोलू? वरच्या ओळीत एक फांदी मी ठेवली नसती, तेवढी सापडली. तेही बोलायला गेलो तर ती आधीच म्हणाली, ही चुकली माझी.

मावा यंदाही आहे. पण पानं गेल्या वर्षासारखी गोळा झालेली नाहीत. फवारणी एकदाच करावी लागली, तीही फक्त नाल्याकडच्या झाडांवर. ढालकिड्यांची पिल्लं, काळी, काटेरी, दिसायला कुरूप, पानापानांवर फिरताहेत. केवलराम म्हणतो, त्याच्याही बागेत तेच. सगळं त्या किड्यांनी केलं की यंदा हवाच तशी होती, हे मला सांगता येणार नाही. गावाला विचारशील तर गाव तुझ्या बायकोचं नाव घेतं. काल बसमधून उतरलेल्या परगावच्या माणसाने दुकानात विचारलं की ती छाटणी करणारी बाई कुठे राहते. दुकानदाराने वाट सांगितली. माझं नाव न घेता सांगितली. मी तिथेच बाकावर बसलो होतो.

माझ्या बापाने या डोंगरावर पहिलं सफरचंद लावलं तेव्हा लोक हसले होते, असं तो सांगायचा. मी ती बाग वाढवली. या घरात मी हे काम कुणाच्या हाती द्यायचं, या विचाराने पडल्या पडल्या किती दिवस काढले. तू फौजेत, आणि माझा पाय असा. ती आठ हिवाळे माझ्या शेजारी उभी होती आणि माझ्या मनात तिचं नाव आलंसुद्धा नाही. जी कलमं वाचली ती मी तिच्या नावाने धरतो. तुझ्या आईला विचारून झालंय. तुला कळवतोय.

हे मी तिला सांगितलेलं नाही. सुनेच्या तोंडावर तिचं कौतुक करायचं आमच्याकडे चालत नाही, आणि माझ्याने ते होणारही नाही. तू तिला लिही. तुझ्या पत्राला महिना लागतो, ठाऊक आहे.

पाकीट टपालात टाकायला तिच्याच हाती देतोय. विचारते आहे, एवढं लांबलचक काय लिहिलंत? या पाकिटाचा डिंक नीट चिकटत नाही. मी तो पुन्हा लावणार नाही.

लायकराम